पावसाची वही

मित्रहो, तुमचे वर्ष नेमके कोणत्या दिवशी सुरू होते? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भिंतीवरचे कॅलेंडर १ जानेवारीला बदलते. दारी गुढी उभारली जाते ती चैत्र शुद्ध प्रतिपदेला. कचेरीतला माणूस १ एप्रिलला नवे खाते उघडतो, व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करतो, आणि शाळकरी मुलाचे वर्ष जूनमध्ये कोऱ्या पुस्तकांच्या वासाबरोबर सुरू होते. तुमच्यासारख्या, नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष बहुधा अभ्यासपुस्तिका हाती पडतात त्या दिवशी सुरू होत असावे. त्या दिवशी आपण मनाशी म्हणतो, ‘यंदा तरी नेटाने वाचायचे.’

माझे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. ‘वर्ष’ या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ पाऊस असाच आहे. एका पावसापासून दुसऱ्या पावसापर्यंतचा काळ म्हणजे वर्ष, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांचे डोळेही आमच्या माणदेशातल्या माणसांसारखे आभाळाकडे लागलेले असणार. आजही आमच्याकडचा वडीलधारा माणूस आपले वय सांगताना ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असे म्हणतो.

माझ्या टेबलाच्या खणात सात जुन्या रोजनिश्या आहेत. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर त्या वर्षाचे संकल्प सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहेत. मोडी लिपी शिकणे, कारण आजोबांच्या कागदपत्रांचे गाठोडे माळ्यावर पडून आहे आणि घरात ते कोणालाच वाचता येत नाही. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणे. वर्षभरात २४ पुस्तके वाचणे. आणि सलग चार वर्षे, जणू एकाच दौतीतून उतरलेला, एक संकल्प: आबांना महाबळेश्वरचा पाऊस दाखवणे. आबा म्हणजे माझे वडील. या संकल्पांपैकी कोणता तडीस गेला आणि कोणता नाही, याची नोंद मात्र एकाही पानावर नाही. पहिले पान भरलेले आणि त्यानंतरची बरीचशी पाने कोरी, असे त्या साऱ्या रोजनिश्यांचे रूप आहे.

अशा माणसाच्या हातून एक वही मात्र भरत गेली. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीला शाळेत पर्जन्यमापक तयार करण्याचा प्रकल्प दिला होता. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा आणि बाजूला पट्टी चिकटवायची, एवढेच ते काम. प्रकल्पाला गुण मिळाले, मुलगी ते विसरली आणि बाटली गच्चीवर तशीच राहिली. एका सकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गेलो तेव्हा तिच्यात पाणी दिसले. सहज पट्टीवर नजर गेली आणि खाली येऊन हिशेबाच्या वहीत तारीख व आकडा लिहून ठेवला. छंद बहुधा असेच लागतात. ठरवून लावून घेतलेले छंद माझ्या रोजनिश्यांच्या पहिल्या पानांवर आहेत.

पुढे बाटलीच्या जागी मी बाजारातून काटेकोर खुणांचा पर्जन्यमापक आणला. हवामान खात्याची रीत अशी की, सकाळी साडेआठ वाजता आधीच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा. मीही तीच वेळ धरली. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, याचे सुरुवातीला मला नवल वाटे. पाणी हे लिटरमध्ये मोजायचे, ते पट्टीने कसे? पण सरळ उभ्या कडांचे भांडे लहान असो वा मोठे, पाऊस त्यात सारख्याच उंचीने चढतो. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. गुंठाभर रानावर हेच पाणी सुमारे १०० लिटर, म्हणजे अर्धे पिंप होते. ज्या दिवशी किमान अडीच मिलिमीटर पाऊस पडतो, तोच हवामानशास्त्रात ‘पावसाचा दिवस’ गणला जातो. त्याहून कमी पडला तर अंग भिजले तरी दिवस कोरडाच. हे मोजमाप आजचे नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापे दिलेली आहेत आणि अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा पाऊस मात्र अमित म्हटला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोजणाऱ्यानेही कोकणापुढे हात टेकले, हे वाचून मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली.

मी साताऱ्यात राहतो. आबा थोरल्या भावाकडे माण तालुक्यातल्या आमच्या गावी राहत. आठवड्यातून एकदा मी त्यांना फोन करी, आणि तो बहुधा मिनिटभरात संपे. जेवण झाले का, औषध घेतले का, तब्येत कशी आहे, या तीन प्रश्नांपलीकडे आम्हां दोघांजवळ बोलण्यासारखे काही उरलेले नव्हते. त्यात दोघांचाही दोष नव्हता. मी कचेरीच्या जगात गेलो, ते रानाच्या जगात राहिले, आणि या दोन जगांत सामाईक असे काही सापडत नव्हते.

एके दिवशी बोलता बोलता मी म्हणालो, “आबा, काल आमच्याकडे बेचाळीस मिलिमीटर पाऊस झाला.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग आबांनी विचारले, “म्हंजे ओल किती गेली?”

आबांच्या आयुष्यभराचे माप ते होते. पाऊस थांबला की रानात जायचे, माती उकरायची आणि ओल किती बोटे, किती वीत खाली उतरली ते पाहायचे. मला ओल सांगता येईना. मी त्यांना गुंठ्याचा आणि पिंपांचा हिशेब सांगितला. तो त्यांना मनापासून आवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला त्यांचाच फोन आला: “आज किती?”

तेव्हापासून आमचा रोजचा फोन सुरू झाला. महिनाभराने मी गावी गेलो तेव्हा परसातल्या ओट्यावर, पत्र्याच्या पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी, सरळ कडांचा एक स्टीलचा डबा दगडांच्या आधाराने बसवून आलो. आबांना बारीक खुणा दिसत नसत. म्हणून त्यांनी तुरीची एक वाळकी काडी घेतली, माझ्या पट्टीवरून चाकूने तिच्यावर खाचा पाडून घेतल्या आणि काडी डब्यात उभी बुडवून ती कुठवर भिजली ते पाहायचे ठरवले. माझ्या वहीत आता दोन रकाने झाले: एक माझा, एक आबांचा.

इथवर ही गोष्ट गोड आहे. पण जुलै उजाडला आणि दोन रकान्यांमधले अंतर वाढू लागले. माझ्या रकान्यात ५५, ६८, ७३ असे आकडे. त्यांच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. मृगात थोडा पाऊस झाला म्हणून भावाने बाजरी पेरली होती. ती उगवून आली आणि माना टाकू लागली. तरणा पाऊस कोरडा गेला, म्हाताराही तसाच जाण्याच्या बेतात होता. गावात दुबार पेरणीची भाषा सुरू झाली. बियाण्याचे पैसे पुन्हा कोठून आणायचे, हे फोनवर कोणी बोलत नसे. तरीही आबा रोज न चुकता विचारत, “आज किती?” आणि मला माझा आकडा उच्चारताना लाज वाटू लागली. भरल्या ताटावरून उपाशी माणसाशी बोलावे तसे ते बोलणे होते.

एका सकाळी भांड्यात ७८ मिलिमीटर पाणी होते. मी म्हणालो, “तीस.” दुसऱ्या दिवशी ६४ होते, मी म्हणालो, “वीस-बावीस असेल.” वहीत मात्र खरे लिहीत होतो. पाच दिवस असे चालले. सहाव्या दिवशी आबांनी आकडा ऐकून घेतला आणि म्हणाले, “पेपरात सातारला सत्तर म्हनत्यात, तू पंचवीस म्हनतोस. भांडं गळाय लागलंय का तुझं?”

पावसाळ्यात वर्तमानपत्रात तालुकावार पाऊस छापून येतो, हे मी विसरलो होतो. माझ्याकडून उत्तर आले नाही. मग आबांच्या ते ध्यानात आले असावे. आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, “हे बघ, तुझ्याकडचा कमी सांगितलास म्हनून आमच्याकडचा वाढत न्हाई. पाऊस खरा सांगावा. तिकडं पडतोय एवढं कळलं तरी बरं वाटतंय.”

मित्रहो, दयेपोटी बोललेले खोटे समोरच्या माणसाला किती लहान करते, हे मला त्या दिवशी कळले. दुष्काळ सोसायची ज्याची ताकद होती, त्याला मी पाच दिवस लहान मुलासारखे वागवले होते.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला जोडून दोन दिवसांची रजा मिळाली, तेव्हा मी एक छोटा प्रवास केला. आमच्या जिल्ह्यात पावसाची एक अजब उतरंड आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक ओझे घाटमाथ्यावरच रिते करतात. पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्याजवळ फारसे काही उरत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माणदेशात पाचशेच्या आसपास. मधले अंतर दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. ही उतरंड एका दिवसात एस.टी.ने उतरायची, असे मी ठरवले.

आदल्या संध्याकाळी महाबळेश्वरला पोहोचलो. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात जाऊन आलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. रात्रभर उतारघराच्या पत्र्यावर पाऊस अखंड वाजत होता. सकाळी साडेआठला आवारातल्या भिंतीवर ठेवलेले भांडे पाहिले: एका रात्रीत ११२. वहीत लिहिले आणि त्यातले थोडे पाणी एका बाटलीत भरून घेतले. आबांना महाबळेश्वरचा पाऊस दाखवायचा, असे चार वर्षे लिहीत आलो होतो. त्यांना सोबत आणणे काही अशक्य नव्हते. रजा कमी होती, एस.टी.त त्यांचे हाल झाले असते, गुडघे दुखले असते, अशी कारणे मी स्वतःला दिली होती. आणि आता मी त्यांच्यासाठी बाटलीभर पाणी घेऊन निघालो होतो.

पाचगणीला धुके होते, पण पाऊस बारीक झाला होता. वर्षभराचा हिशेब घेतला तर तिथे महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही धड पडत नाही. पसरणीचा घाट उतरून वाईत आलो तर रस्ते नुसते ओले. साताऱ्यात ढग होते, मधूनच ऊन पडत होते. कोरेगाव मागे पडले, वर्धनगडाचा घाट ओलांडला आणि पुसेगावापासून पुढे मातीचा रंगच बदलत गेला. दहिवडीला उतरलो तेव्हा माझी छत्री कडकडीत वाळलेली होती. सकाळी जिच्यावरून धारा गळत होत्या तीच ती छत्री.

घरी पोहोचलो. आबांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, “ह्यो म्हाबळेश्वरचा व्हय,” म्हणाले आणि ते पाणी अंगणातल्या तुळशीला घातले. मला काही बोलले नाहीत. मग मी त्यांना माझी वही दाखवली. वहिनी एकेक आकडा वाचून दाखवू लागल्या. मध्येच त्या थांबल्या. जूनच्या शेवटी अकरा दिवस कोरे होते. चार दिवस मी कचेरीच्या कामाने पुण्याला गेलो होतो. बाकीचे सात दिवस निव्वळ आळसाचे. फोनवर काहीतरी अंदाजाने सांगून मी वेळ मारून नेली होती.

आबांनी विचारले, “ह्या दिसांत पाऊस न्हवता?”

“तसं नाही. नोंद राहिली.”

“मग पडला का न्हाई पडला, आता कसं कळायचं?”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केले. सुताराच्या जाड पेन्सिलीने प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्यांनी आकडा काढलेला होता. जुलैच्या पानावर एकाखाली एक, एकाशेजारी एक, नुसती शून्ये. पानभर शून्ये. एकही चौकोन रिकामा नव्हता. पीक हातचे जात असताना हा माणूस रोज सकाळी उठून, कोरडा आहे हे दिसत असलेल्या डब्यात काडी बुडवत होता आणि शून्य लिहीत होता.

“बघितलं आन् न्हवता, म्हनून शून्य,” ते म्हणाले. “बघितलंच न्हाई तर काय लिवणार?”

पर्जन्यमापनाच्या कोणत्याही नोंदवहीत हा भेद पाळावाच लागतो. शून्य याचा अर्थ, कोणीतरी पाहिले आणि पाऊस नव्हता. कोरी जागा याचा अर्थ, कोणी पाहिलेच नाही. शून्ये असलेल्या वहीवरून दुष्काळाचा अभ्यास करता येतो. कोऱ्या जागांवरून कशाचाच करता येत नाही. माझ्या सात रोजनिश्या मला त्या क्षणी आठवल्या. संकल्प मोडले याचे मला आजवर वाईट वाटत असे. पण ते कधी मोडले, किती दिवस टिकले, कशामुळे सुटले, याकडे मी पाहिलेलेच नव्हते. मोडीची बाराखडी कुठल्या अक्षरापाशी सुटली, हेसुद्धा मला सांगता येत नव्हते.

त्या वर्षी बाजरी गेली. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागले आणि एका पहाटे सहालाच फोन वाजला. आबा मोठ्याने म्हणाले, “लिही, एकसष्ट!” मी म्हटले, “आबा, अजून साडेआठ वाजायचेत.” ते म्हणाले, “तवर आनि पडला तर पुन्यांदा सांगीन.” साताऱ्यात त्या दिवशी माझे भांडे कोरडे होते. मी मोठ्या आनंदाने माझ्या रकान्यात शून्य लिहिले. हत्तीच्या त्या पावसावर भावाने शाळू पेरला आणि तो बऱ्यापैकी आला.

त्यानंतर आणखी दोन पावसाळे आम्ही मिळून मोजले. गेल्या माघात आबा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी ओट्यापाशी उभा होतो. डबा होता, काडी पत्र्याच्या वळचणीला खोचलेली होती. वहिनी मागून येऊन म्हणाल्या, “भाऊजी, मागची दोन वर्षं काडी मीच बघत होते. आबांना खाचा दिसत नव्हत्या. मी सांगायची, ते लिहायचे. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते.” मग जरा थांबून त्यांनी विचारले, “यंदा मोजायचा का?”

तुम्ही हे वाचत असताना कदाचित तुमच्याही समोर एखादे वेळापत्रक चिकटवलेले असेल. पहाटे पाच ते सहा अभ्यास, रविवारी स्वाध्याय, अमुक महिन्यापर्यंत अमुक घटक. त्यातले काही दिवस भरतील. काही दिवशी घरात आजारपण येईल, कामावरून यायला रात्र होईल, पुस्तक उघडले जाणार नाही. अशा दिवशी त्या चौकोनात शून्य लिहा, एवढेच माझे सांगणे आहे. अपराधाची खूण म्हणून ते लिहायचे नाही. आपण त्या दिवसाकडे पाहिले, एवढ्यासाठी लिहायचे. एका कोऱ्या चौकोनामागून दुसरा कोरा चौकोन सहज येतो, कारण पाहणाराच तिथून उठून गेलेला असतो. शून्य लिहिणारा माणूस मात्र उद्या सकाळीही भांड्यापाशी येतो.

यंदा मृगाच्या पहिल्या सकाळी मी नवी वही काढली. दोन रकाने आखले. दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहावे ते सुचेना. शेवटी गावाचे नाव लिहिले. मग खणातून जुन्या रोजनिश्या बाहेर काढल्या. ज्या चार पहिल्या पानांवर आबांना महाबळेश्वरचा पाऊस दाखवण्याचा संकल्प होता, ती एकेक उघडली आणि प्रत्येक संकल्पापुढे शून्य लिहिले. ते लिहायला मला बराच वेळ लागला. यंदाच्या रोजनिशीत संकल्प एकच आहे: मोडीचे रोज एक अक्षर. पुढे एकतीस-तीस घरांचे कोष्टक आखले आहे आणि आजपर्यंत त्यात नऊ एक व पाच शून्ये आहेत.

त्या सकाळी पावणेनऊला फोन वाजला.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “शून्य.”

मी लिहून घेतले.